मापाड्याची मुलाखत

माझ्या मुलाचं वागणं मला गेले दोन महिने अजिबात पसंत नव्हतं. सकाळी आंघोळ झाली की हा बेसिनवरच्या आरशासमोर उभा राहायचा आणि स्वतःशीच बोलायचा, तेही कुणा परक्या माणसाच्या आवाजात. माझी ओळख करून द्यायची तर मी एक ध्येयवादी, संघभावनेनं काम करणारी व्यक्ती आहे, असं काहीतरी. व्यक्ती म्हणे. चव्वेचाळीस वर्षं ओळखते मी या व्यक्तीला. लहानपणी खेळायला पाठवला की बाकीची पोरं चेंडूमागे धावायची आणि हा कडेला बसून दोन हातांत दोन दगड घेऊन कुठला जड ते बघत बसायचा. कसला संघ आणि कसली भावना. आणि ते बोलताना हसायचा कसा, तर दात दाखवून, दाढ काढायला बसल्यासारखा. मी पलंगावरून सगळं ऐकायचे. दोनदा ओरडलेही की आरशाला नोकरी मागतोयस का. तेवढ्यापुरता दार लावून घ्यायचा.

वजनकाटे तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्याचं काम. भाजीवाल्याचे काटे नव्हेत. सोनाराचे, औषधांच्या कारखान्यातले, प्रयोगशाळेतले, काचेच्या पेटीत बसवलेले, जवळ जाऊन श्वास सोडला तरी आकडा हलेल असे. तपासायची वजनं उघड्या हातानं उचलायची नसतात, हाताचा घाम लागतो आणि घामालाही वजन असतं, हे मला त्याच्यामुळे कळलं. घरात आम्ही त्याला मापाडी म्हणतो. नाव मीच ठेवलंय. सतरा वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये होता. मालक थकला, मुलं परदेशी, त्याने जागा विकली आणि एका शुक्रवारी नऊ माणसं डबे घेऊन कायमची आपापल्या घरी गेली. त्यानंतर बाराव्या दिवशी, बुधवारी, मी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा मुकादम म्हणून. माझ्या हाताखाली बावीस बायका होत्या. त्यांना कामावर ठेवायचं की नाही हे मी ठरवायचे, वरचे साहेब फक्त सही करायचे. हजारो पेशंटांच्या चादरी मी धुऊन घेतल्या, पण स्वतः कधी त्या चादरीवर झोपले नव्हते. नवरा गेला तेव्हाही तिसऱ्या दिवशी कामावर होते. कुणाच्या हातचं पाणी मागून प्यायची मला सवय नाही. अशा बाईला एक दिवस उताणं पडून मुलाला हाक मारावी लागली, की मला बाजूला वळव.

सून शाळेच्या ऑफिसात आहे. सकाळी आठला जाते, पाचला येते. घर तिच्या पगारावर चाललं होतं, तिला रजा घ्यायला सांगणार कुणाच्या तोंडानं? तेव्हा सगळं मापाड्यानंच केलं. सगळं म्हणजे सगळं. पुसणं, उठवणं, बसवणं, भांडं देणं, भांडं नेणं. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे बघायचेच नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचे. तोही छताकडे बघत काम करायचा, त्यामुळे निम्मं पाणी माझ्या अंगावर आणि निम्मं गादीवर. पण हळूहळू त्याचा हात बसला.

आणि मी काय केलं? मी त्याला नि सुनेला बजावलं, की यातलं एक अक्षर घराबाहेर जायचं नाही. माझी अब्रू आहे. मुलगा आईला आंघोळ घालतो म्हणून जिन्यात चर्चा नको. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं की नर्स ठेवली आहे, दोन वेळा येते. आम्हाला कधी दिसली नाही ती, असं त्या म्हणाल्या. मागच्या जिन्यानं येते, म्हटलं. आणि मुलगा घरी का असतो, तर घरून काम करतो. हे खोटं मी रचलं, मी शिजवलं, आणि अकरा महिने त्यालाही तेच वाढलं.

मग माझा भाचा आला. बहिणीचा मुलगा, मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात आहे. घरात बसतानाही टाय सोडत नाही. त्याला आम्ही साहेबच म्हणतो. साहेबांनी मापाड्याला समोर बसवून सांगितलं की अकरा महिने घरी होतो असं कधीही म्हणायचं नाही. बेकार माणसाला कुणी नोकरी देत नाही, नोकरीवाल्यालाच नोकरी मिळते. म्हणून म्हणायचं, मी स्वतंत्र सल्लागार होतो. कमजोरी विचारली तर म्हणायचं, मी फार मेहनत करतो. दोन पानं छापून दिली त्याने, प्रश्न डावीकडे, उत्तरं उजवीकडे. मला तेव्हा ती युक्ती झकास वाटली, हेही कबूल करते. माझ्या खोट्याला साहेबी कपडे मिळाले होते.

त्या दोन पानांवर मापाड्याने सहा मुलाखती दिल्या आणि सहाही ठिकाणी पडला. परत यायचा, बूट काढायचा, हात धुवायचा आणि माझ्या गोळ्या घेतल्या का ते बघायचा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, कळवतो म्हणाले. कुणी कळवलं नाही. सहाव्या वेळेनंतर तो जेवणाच्या टेबलाशी बसून चमचा बोटावर तोलत राहिला आणि मला वाटलं, आता हा माणूस तुटणार.

सातवी मुलाखत गुरुवारी होती, पुन्हा वजनकाट्यांच्याच कामाची. रविवारी दुपारी मी त्याला म्हटलं, आरशाला काय विचारता येतं का, ये इकडे, मी विचारते. बावीस बायका निवडल्यात मी. सून टेबलावर शाळेचे कागद लावत होती. मी पलंगावर ताठ बसले, वॉकर समोर टेबलासारखा ठेवला, आणि सुरू केलं. नाव, शिक्षण, आधीचं काम. तो पानावरचं बोलत होता, तेच दात, तोच आवाज.

"अकरा महिने काय केलंत?" मी विचारलं.

"स्वतंत्र सल्लागार म्हणून विविध ग्राहकांना सेवा दिली."

"एका ग्राहकाचं नाव सांगा."

तो पानावर बोट फिरवून शोधायला लागला.

"बरं, नाव नका सांगू. सल्ला काय दिलात ते सांगा."

त्याने पान खाली ठेवलं. "भांडं घेताना उजव्या पायावर जोर द्यायचा नाही, असा सल्ला दिला," तो म्हणाला. "ग्राहक ऐकत नव्हता."

सून कागदांत तोंड घालून हसली. मलाही हसू आलं असतं, पण तो आवाज दोन महिन्यांनी त्याचा स्वतःचा होता, आणि तो थकलेला होता. मी म्हटलं, मग हे सांगायला काय होतं तुला तिथे?

"तूच म्हणालीस ना, कुणाला सांगायचं नाही."

त्यात राग नव्हता. घरातला एक नियम सांगावा तसं त्याने सांगितलं. मी विचारलं, शर्ट इस्त्रीला टाकलास का? तो उठून शर्ट शोधायला गेला.

संध्याकाळी सून माझे पाय चेपत होती. ही फार बोलत नाही, त्यामुळे बोलली की ऐकावं लागतं. म्हणाली, "आई, ते तिथे मुलाखत द्यायला जातच नाहीत. तुमचं गुपित राखायला जातात. आणि ते दारातच दिसतं, घाम फुटतो त्यांना." मी म्हटलं, जरा घोट्याशी चेप, तिथे दुखतंय. दुखत दुसरीकडेच होतं. पण मी त्याला बोलावून सांगितलं का, की बाबा, सांग खुशाल? नाही सांगितलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. जीभ एवढी लांब आणि नेमकी त्या वाक्यापाशी आखूड.

गुरुवारी सकाळी नऊला माझी हॉस्पिटलात तपासणी होती आणि अकराला त्याची मुलाखत. सुनेच्या शाळेत परीक्षा, तिला निघता येईना. डॉक्टरांनी फोटो बघून हाड छान जुळलंय असं सांगितलं आणि विचारलं, व्यायाम कोण करून घेतं? मी म्हटलं, होतो आपला. मापाडी शेजारी उभा होता, फाइल धरून. मला तिथेच बसवून जावं असा त्याचा विचार होता. मी म्हटलं, इथे तीस वर्षं काढलीत, आता तीन तासही नको, मी येते तुझ्याबरोबर. मग टॅक्सीत मी, तो आणि माझा वॉकर असे तिघे मुलाखतीला निघालो.

जागा साधी होती. खाली वर्कशॉप, वर ऑफिस, पण लिफ्ट होती म्हणून निभावलं. बाहेरच्या खोलीत एक खोलगट सोफा, पाण्याचं मशीन, आणि आणखी दोघे उमेदवार. एक टायवाला, आपल्या साहेबांच्याच साच्यातला, आणि एक पोरगी, पंचविशीची, नखं कुरतडत बसलेली. आतल्या खोलीला नुसतं लाकडी पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. आत आधी काटा तपासायला देतात आणि मग बोलतात, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं.

मी त्या सोफ्यात बसले आणि रुतले. काउंटरवरची मुलगी भली होती, तिने हाताची खुर्ची आणून दिली. तिथे बसायचं तर आधी उठायला हवं. मापाडी समोर आला, वाकला, एक हात माझ्या काखेत, एक पाठीला, "उजवा पुढे, एक, दोन, चल," आणि मी उभी. रोजचंच होतं ते. पण ती मुलगी बघत राहिली.

"छान सवय आहे यांना," ती मला म्हणाली. "घरी कोण बघतं तुमचं, आजी?"

नर्सचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. अकरा महिने घोटलेलं. मापाड्याने नजर फरशीकडे वळवली, कारण ते वाक्य त्यालाही पाठ होतं आणि ते बोललं जाताना तो नेहमी फरशीकडेच बघतो. त्याच्या कपाळावर घाम दिसला मला. आत जायच्या आधीच.

"हाच बघतो," मी म्हटलं. "माझा मुलगा. अकरा महिने यानेच मला उठवलं, बसवलं, आंघोळ घातली. नर्स नव्हती कधी. याची नोकरी गेली होती म्हणून मी आज पायावर उभी आहे."

लाँड्रीच्या मशीनपाशी आयुष्य गेलेल्या बाईला हळू बोलता येत नाही. टायवाल्याने मान वर केली, पोरीचं नख तोंडातच राहिलं, आणि पार्टिशनपलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं होतं की हे बोलल्यावर भूमी दुभंगेल. साधं पंख्याचं पातंसुद्धा थांबलं नाही. मापाड्याने खिशातली दोन छापील पानं काढून माझ्या मांडीवर ठेवली. धर जरा, म्हणाला. मग त्याचं नाव पुकारलं आणि तो आत गेला.

वीसेक मिनिटं नुसता वजनं ठेवल्या-उचलल्याचा बारीक आवाज येत होता. मग त्याचा आवाज आला. त्याचा स्वतःचा.

"एक सांगायचंय. काटा बरोबर लागलाय, पण माझ्याकडून चूक झाली. सापडला तेव्हा तो किती चुकत होता, ते लिहायच्या आधीच मी त्याला हात लावला. ती जागा कोरी ठेवलीय."

ही चूक केवढी ते मला त्याने नंतर टॅक्सीत समजावलं. काटा दुरुस्त करायच्या आधी तो कसा सापडला, म्हणजे हाती आला तेव्हा किती चुकत होता, ते लिहायचं असतं, मग दुरुस्त करायचा, मग पुन्हा लिहायचं. कारण काटा चुकत असेल तर त्यावर आधी तोललेलं सगळं औषध पुन्हा तपासावं लागतं. तो पहिला आकडा एकदा हुकला की परत मिळत नाही. या कामात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण तेव्हा बाहेर बसून मला एवढंच कळलं की पोरानं काहीतरी बिघडवलंय आणि आपणहून सांगतोय. पानांवर असलं काही नव्हतं. मी वॉकरची मूठ घट्ट धरली.

आत एक बाई होत्या, वर्कशॉपच्या मुख्य. त्यांचा आवाज माझ्या वयाच्या आसपासचा. त्यांनी विचारलं, असं का झालं?

"अकरा महिने हातात काटा नव्हता. चूक दिसली आणि हात आधी धावला."

"अकरा महिने काय करत होतात?"

आणि मग तो बोलला. वर्कशॉप बंद झालं ते, मी पडले ते, बायकोचा पगार होता म्हणून घर चाललं ते. रडगाणं नाही, फुशारकी नाही. कामाचा कागद भरावा तसं एकेक. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या शहरातून एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, म्हणाला, पण तेव्हा आईला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, म्हणून गेलो नाही. हे मला माहीत नव्हतं. सुनेला माहीत होतं, तिने नंतर सांगितलं. दोघांनी मिळून माझ्यापासून ते दडवलं होतं. मी गुपितं राखायला लावली आणि त्यांनी त्यात एक आपलं घातलं, मला सुखाने झोप लागावी म्हणून.

आतल्या बाईंनी विचारलं, पेशंट म्हणून आई कशी होती?

"वाईट," मापाडी म्हणाला. "ताट ढकलायची. एकदा सूप माझ्या शर्टावर ओतलं, गार आहे म्हणून. पण व्यायाम एक दिवस चुकवला नाही तिने."

टायवाल्याने माझ्याकडे चोरून बघितलं. मी त्याच्याकडे उघड बघितलं. सूप गारच होतं.

आत आणखी एक तरुण साहेब असावेत. त्यांनी तो नेहमीचा प्रश्न काढला, की एवढा खंड पडलाय, आज चूकही झाली, तर आम्ही तुम्हाला का घ्यावं? मी मांडीवरच्या पानात बघितलं. याचं उत्तर उजवीकडे सात ओळींचं होतं.

"मला हे काम येतं," माझा मुलगा म्हणाला. "सतरा वर्षं केलंय. तुमच्याकडची दोन मशीनं नवीन आहेत, ती मी हाताळलेली नाहीत. पहिले दोन आठवडे मला कुणाच्या तरी शेजारी बसवा. त्यानंतर बसवायची गरज पडणार नाही."

आवाज मोठा नव्हता. पण मी चौदा वर्षं माणसं पारखली आहेत. काम मागायला आलेली बाई जास्त बोलायला लागली की मी तिला म्हणायचे, ती चादर घे आणि घडी घाल. जिला येत असे तिचे हात बोलायचे. त्या दिवशी पार्टिशनपलीकडे मला माझ्या मुलाचे हात दिसत होते, मांडीवर शांत ठेवलेले. त्या बाईंचे मी आजही मनात आभार मानते, त्यांनी नोकरी द्यायच्या आधी त्याला पुरतं बोलू दिलं म्हणून. सहा ठिकाणी कुणी दिलं नव्हतं, पण तिथे बोलणारा तरी तो कुठे होता.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. टॅक्सीत म्हणाला, गेली ही पण. परीक्षेत नापास झालो, ती चूक अक्षम्य असते. मग ते सापडला तेव्हाच्या आकड्याचं सगळं समजावलं. मी म्हटलं, एखादा आकडा ठोकून द्यायचास, कोण बघायला आलं होतं? मी मुद्दामच विचारलं. तो म्हणाला, तसं कसं करता येईल, खोटा आकडा म्हणजे काटा न तपासल्यापेक्षा वाईट. मग खिडकीबाहेर बघत बसला, पण खांदे सैल होते. घरी आल्यावर त्याने पोटभर जेवण केलं आणि दुपारी चक्क घोरला. ती दोन छापील पानं मी हॉस्पिटलच्या फाइलमध्ये घातली, भाच्याला परत द्यावीत म्हणून. अजून दिलेली नाहीत.

संध्याकाळी शिंपीणबाई माझा उसवलेला गाऊन शिवून द्यायला वर आल्या. मी त्यांना दारातच सांगून टाकलं, नर्स वगैरे कुणी नव्हतं हो, मुलानंच केलं माझं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे की. बादली घेऊन गॅलरीत यायचा ना, तुमचे गाऊन वाळत घालायचा, चिमटे लावून. सगळ्या जिन्याला माहीत आहे. तुम्हाला आवडणार नाही म्हणून कुणी बोललं नाही." म्हणजे अकरा महिने माझी अब्रू मी राखतच नव्हते. ती शिंपीणबाईंनी राखली, वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरनं राखली, त्याच्या बायकोनं राखली. मी आपली दार लावून आत पहारा देत होते. मला आधी राग आला. मग मी त्यांना आत बसवून सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि त्या निघाल्या तेव्हा दारापर्यंत वॉकर घेऊन पोचवायला गेले. आजवर कुणाला पोचवायला गेले नव्हते मी.

फोन सहाव्या दिवशी आला. मापाडी त्या वेळी जमिनीवर बसून माझ्या पायाची नखं कापत होता. खुब्यामुळे मला अजून वाकता येत नाही. त्याने ओल्या हातानं फोन उचलला आणि नुसतं हो, हो, जी, हो, असं म्हणत राहिला. मला वाटलं, हाही कळवतो म्हणणाराच असेल. फोन ठेवून त्याने नेलकटर पुन्हा हातात घेतला, उरलेली दोन नखं कापली, आणि मग सांगितलं.

तीन महिने काम बघायच्या अटीवर घेतलंय, एक तारखेपासून. त्या पोरीलाही घेतलंय. काट्यातला बिघाड बाईंनी स्वतःच करून ठेवला होता, त्यामुळे सापडला तेव्हाचा आकडा त्यांना आधीच ठाऊक होता. पोरीने तो बरोबर लिहिला. टायवाला मापाड्यासारखाच विसरला होता, पण त्याने जागा कोरी न ठेवता एक छान गोल आकडा भरून दिला होता. बाई फोनवर मापाड्याला म्हणाल्या की चूक केल्याबद्दल पहिले दोन आठवडे तुम्ही त्या पोरीच्या शेजारी बसायचं आणि तिने तुमचे कागद तपासायचे. आणि हा माझा चव्वेचाळीस वर्षांचा मुलगा हे सांगताना असा खूश होता, जणू बढती मिळाली आहे.

सुनेला फोन करायला हवा, म्हणाला. पण उठला नाही. माझा पाय अजून त्याच्या हातात होता आणि तो खाली बघत होता. "पहिल्या तारखेपासून तुझं कसं होणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मला आता भिंतीला धरून सगळं करता येतं, आणि नाही आलं तर हाक मारीन शिंपीणबाईंना, त्यांना काय, सगळं माहीतच आहे. तो हसला. दात न दाखवता, नेहमीसारखा, एका बाजूने.

तेव्हा मला जाणवलं की जगातल्या सगळ्यांना मी सांगून झाले. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, शिंपीणबाईंना सांगितलं. ज्याचं त्याला मात्र अजून काहीच दिलं नाही. मी आवाज मुकादमाचाच ठेवला, नाहीतर पुढचं बोलताच आलं नसतं.

"ऐक," मी म्हटलं. "नर्स म्हणून तू काही खास नव्हतास. पाणी गार आणायचास आणि केस विंचरताना उपटायचास. पण अकरा महिन्यांत एकदाही माझी अडचण होतेय असं मला वाटू दिलं नाहीस. हे मला आधी बोलायला हवं होतं आणि मी नाही बोलले, ती चूक माझी. तू माझा मुलगा नसतास ना, तरी मी तुला कामावर ठेवलं असतं. पहिल्याच दिवशी, सहीची वाट न बघता."